नादीनच्या मेणाची वडी

मोंटानातल्या आमच्या गावात, बंदुकीच्या दुकानातल्या रांगेत डेल्बर्ट आणि लाइल माझ्यापुढे होते. दोघेही घरी शिसं वितळवून गोळ्या ओततात. गोळी नळीत घासू नये म्हणून डेल्बर्ट तिला मेणाचं वंगण लावतो, तर लाइल तिच्यावर रंगीत पावडर भाजतो. याहून क्षुल्लक मतभेदावरून इथे माणसांनी चर्च बदललंय.

"तुझ्या मेणाचा धूर केवढा, लेका! समोरचं हरीण तरी दिसतं का?"

"तुझ्या गोळ्या तर नखं रंगवून आल्यासारख्या दिसतात."

"पण हाताला चिकटत नाहीत."

"माझं मेण नादीनच्या मधमाश्यांचं आहे, लाइल."

"वहिनी गेल्यावर पेट्या विकल्यास ना? अजून उरलंय?"

"एकच वडी. वितळवली की स्वयंपाकघरात ती असतानाचा वास येतो."

"ती संपली की?"

रांग पुढे सरकली. डेल्बर्ट जागीच उभा राहिला.

"तुझी ती पावडर जरा सभ्य रंगात मिळते का रे?"

"काळी मिळते. आणि वडी?"

"ती राहू दे फडताळात. गोळ्यांना काय, काहीही चालतं."