साहेबांचे केस

नाही नाही, ते कार्ड राहू द्या तिथेच, आरशाच्या कडेला लावलंय ते, लाल हाताच्या चित्राचं, त्याला हात नका लावू, त्याचंच तर सांगणार आहे... कापड गळ्याला आवळत नाही ना? हां. तर काय म्हणत होतो, लोक मला विचारायचे, अहो, तुम्ही दिवसाला वीस डोकी साफसूफ करून पाठवता आणि तुमच्या स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर हे कसलं घरटं? तोंडावर विचारायचे! ह्याच खुर्चीत बसून, माझ्याच कात्रीखाली मान देऊन! आता काय उत्तर द्यायचं माणसानं? बावीस वर्षं झाली कात्री हातात धरून. रडणाऱ्या पोरांचे केस कापले, झोपलेल्या म्हाताऱ्यांचे कापले, एकदा तर उचकी लागलेल्या माणसाचे कापले, एक कल्ला वर नाही की एक खाली नाही. आणि घरातली एक आठ वर्षांची पोरगी... मान हलवू नका.

मी तिला साहेब म्हणतो. का, तर दुकानात येते तीच मुळी तपासणीला आल्यासारखी. कुणाकडे बघणार नाही, कुणाच्या हाकेला ओ देणार नाही, सरळ त्या फळीपाशी जाऊन माझे सगळे कंगवे काढणार, एकेकाचे दात मोजणार, आणि कमी दातवाले डावीकडे, जास्त दातवाले उजवीकडे असे ओळीनं लावून ठेवणार. एका कंगव्याचा एक दात तुटलाय. मला चार वर्षं पत्ता नव्हता. तिनं पहिल्याच दिवशी तो बाजूला काढला आणि आणून माझ्या हातात दिला. आता रोज देते. मी रोज परत ठेवतो, ती रोज काढून देते. डॉक्टर ह्याला ऑटिझम म्हणतात, माझी आई हट्ट म्हणते, समोरचा शिंपी लाड म्हणतो, आणि उपाय सगळ्यांच्या खिशात तयार! "दोन द्या ठेवून, सरळ होईल." अरे, पण ती वाकडी कुठे आहे? आकडे सोडले तर बोलते ती वीसएक शब्द, तेही मनात असलं तर. बाकी सगळा कारभार कार्डांवर. पाणी, भूक, बाहेर, नको, थांब... चित्रांची कार्डं, वर प्लास्टिक, आणि पाठीमागे ती खरखरीत पट्टी असते ना, बुटांना असते तसली, तिनं ती वहीवर चिकटतात. हवं ते उपटायचं आणि समोरच्याच्या नाकासमोर धरायचं. आमच्याकडे नाकं कमी आणि कार्डं जास्त झालीत.

तर घरट्याचं. जीव घाबरला की ती मानेवरच्या केसांत बोट घालते आणि पिळत बसते. पिळता पिळता गाठ झाली. लिंबाएवढी होती, मुठीएवढी झाली. विंचरू देईना, धुऊ देईना. मागच्या मंगळवारी डॉक्टरांनी कशीबशी वर उचलून बघितली तर खाली कातडी लाल, ओली. म्हणाले, "सोमवारपर्यंत ही निघायला हवी, जखम चिघळायला लागलीय. तुम्हाला जमत नसेल तर हॉस्पिटलात आणा, भूल देऊन काढू." मी म्हटलं, भूल द्यायला तोंडावर मास्क लावावा लागेल, ती लावू देणार नाही. तर ते अगदी सहज म्हणाले, "धरतील की चौघं."

धरतील! धरून बघितलंय आम्ही. गेल्या वर्षी. आई म्हणाली, "एकदा होऊन जाऊ दे, उगाच बाऊ करता." आईनं पाय धरले, माझ्या थोरल्या भावानं हात धरले, आणि मी कापले. चार मिनिटं. एवढा सफाईदार कट की कुणी बघितला असता तर पाठ थोपटली असती. मध्येच तिचं ओरडणं थांबलं. मला वाटलं, चला, शांत झाली. शांत कसली होतेय... पुढचे पाच महिने मी नुसता टॉवेल झटकला तरी ती पलंगाखाली. माझ्या हातून घास घेईना. दाढी करून लोकांचे गाल कुरवाळणारा हात हा, आणि माझी पोरगी माझ्या हाताला घाबरत होती. माझ्या! लाज वाटते सांगायला. पण सांगतो, कारण न सांगता मला हात चालवताच येत नाही. मान हलवू नका.

हा आमच्या धंद्याचा शिरस्ताच आहे. माझे उस्ताद सांगायचे, हात थांबला तरी चालेल, तोंड थांबता कामा नये. बोलत राहिलं की गिऱ्हाइकाचं लक्ष बोलण्यात राहतं, मान जाग्यावर राहते. गप्प बसलात की ते पेंगतं, डोकं खाली, कात्री कानात! त्यामुळे मी बोलतो. बावीस वर्षं बोलतोय. हवापाणी, रस्त्यावरचे खड्डे, कुणाचा जावई कसा निघाला... विषय संपतात, मी संपत नाही.

तर मंगळवार ते सोमवार, मधे पाच-सहा दिवस. म्हटलं, प्रॉब्लेम कात्रीचा आहे, तर कात्रीची भीती घालवू. बुधवारी तिची बाहुली घेतली, म्हटलं, "बघ हं साहेब, बाहुलीचे केस कापतो, बघ कशी शहाणी बाहुली, रडते का, नाही रडत, कशाला रडेल, बाबा काही दुखवतो का, हे बघ, झालं, कशी छान दिसते!" छान कसली, टक्कल. साहेबांनी दोन्ही कान झाकले आणि बाहुली नेऊन ठेवली कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. गुरुवारी माझेच केस कापले, आरशात बघून, तिला समोर बसवून. "हे बघ, बाबा बाबाचे कापतो, गंमत आहे की नाही, आता इकडचे, आता तिकडचे..." हे पुढे खड्डा दिसतोय ना, तो गुरुवारचा. कान झाकलेलेच.

शुक्रवारी बायको समोर येऊन बसली. तिची वेणी कमरेपर्यंत होती हो. लग्नाच्या आधीपासूनची. म्हणाली, "अहो, माझी कापा. माझं बघून तरी तिची भीती जाईल." माझा हात चालेना. पण तोंड चाललं, ते कधी दगा देत नाही... "बघ साहेब, आईला दुखत नाही, आई कशी हसते, हस गं जरा, बघ हसली, आता कात्री अशी धरायची, मग अशी..." कापली. वेणी खाली पडली. साहेब उठल्या, कान सोडले, वेणी उचलली आणि आईच्या डोक्याला परत चिकटवायला लागल्या. दहा मिनिटं. चिकटेना तसं नुसती धरून उभी राहिली. बायको रडत होती, मी रडत होतो, आणि मी रडतानाही बोलतच होतो, "बघ, काही झालं नाही, काही झालं नाही..." मान... तुमची नाही, माझाच हात हलला. थांबा जरा. हां.

शनिवारी गेलो थेरपीवाल्या ताईंकडे. त्यांनी महिनाभरापूर्वी मला एक वही दिली होती. म्हणाल्या होत्या, "बाबा, ती दुकानात असते तेव्हा कान कधी झाकते ते फक्त लिहा. उपाय नको, नुसतं लिहा." मी इमानानं लिहिलं होतं. वाचून दाखवलं. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं, कात्री, कान झाकले. साडेदहा, वस्तरा, कान झाकले. आता वस्तऱ्याला आवाज असतो का, तुम्हीच सांगा? पावणेअकरा, दाढीचा फेस लावत होतो, झाकले. फेसाला घाबरते की काय! आणि अकरा वाजता मशीन लावलं, हे एवढं घर्रघर्र करणारं मशीन, तर कान उघडे! मजेत कंगवे लावत होती! मी म्हटलं, ताई, डोकं फिरायची वेळ आली, आवाज नसलेल्या वस्तूंना घाबरते आणि आवाजाच्या वस्तूला नाही. मशीननंच काढली असती गाठ, पण मशीन गाठीत अडकतं आणि खाली जखम आहे. ताईंनी विचारलं, "मशीन चालू असताना तुम्ही काय करत असता?" मी म्हटलं, काय करणार, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय, गप्प असतो. ताई हसल्या. म्हणाल्या, "उद्या कार्डांची वही जवळ ठेवा. आणि ती कार्ड दाखवेल तेव्हा नीट बघा." मी म्हटलं, बघतोच की, आणि घरी येईपर्यंत वाटभर बायकोला सांगत होतो की ह्या ताईंना फार माहिती नाही.

आता हसताय? तुम्हाला कळलं? तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं! बायकोलाही कळलं होतं, ती मागाहून म्हणाली, "सांगणार होते, पण तुम्ही मधे जागाच ठेवली नाही."

रविवार. धंद्याचा दिवस, तरी दुकान बंद ठेवलं, शटर अर्धं खाली, आत आम्ही तिघंच. शेवटचा दिवस. उद्या हॉस्पिटल, उद्या चौघं. साहेब स्वतः खुर्चीत चढल्या, खुर्ची गोल फिरते म्हणून आवडते त्यांना. मी कात्री घेतली. तिनं वहीतनं लाल हाताचं कार्ड उपटलं. थांब. मी थांबलो. म्हटलं, "बरं साहेब, थांबलो, हे बघ, कात्री खाली ठेवली, हात रिकामे, हा एक हात, हा दुसरा, कुठाय कात्री, गेली कात्री..." कार्ड तसंच. थांब. मी दोन पावलं मागे गेलो. "अगं, थांबलो की, बघ किती लांब उभा आहे, आता ह्यापेक्षा किती थांबू, बाहेर जाऊ का, सांग ना राजा, बाबानं काय करायचं, बाबाला कळत नाही गं, बाबा..." माझा आवाज चिरकायला लागला होता. साहेब खुर्चीतून उतरल्या. माझ्यासमोर आल्या. बाकावर चढल्या. आणि ते कार्ड, मागच्या खरखरीत पट्टीसकट, माझ्या तोंडावर दाबलं. दोन्ही हातांनी. आणि ते मिशीला चिकटलं!

मी गप्प.

तुम्हाला सांगतो, ह्या दुकानात एवढी शांतता मी बावीस वर्षांत ऐकली नव्हती. नळ ठिबकतो, हे मला त्या दिवशी कळलं. ती परत खुर्चीत जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून. आणि मान... मान स्वतःहून खाली घातली. जिला चौघं धरणार होते तिनं! मी बघत राहिलो. बायकोनं खूण केली, अहो, कापा. मी कात्री चालवली. कच. ती हलली नाही. कच. ती हळूच मोजत होती, एक, दोन... प्रत्येक कचेला एक आकडा. डोळ्यांतनं पाणी आणि मिशीवर लाल हात, अशा थाटात मी कापत होतो. नाकातनं श्वास घेणं मुश्कील, शिंक आली तरी गिळली. एकतीस आकडे झाले आणि गाठ खाली पडली. तिनं मागे हात नेऊन मान चाचपली, जखमेच्या कडेकडेनं. मग उठली, फळीवरून तो तुटक्या दाताचा कंगवा आणला आणि माझ्या हातात दिला. रोजच्यासारखा.

कट कसा झालाय म्हणाल तर बघवत नाही. एक बाजू आखूड, एक लांब, मागे पायऱ्या. माझ्या हातून असा कट कुणाचा झाला असता तर त्यानं दुकानच पेटवलं असतं. ती वाकडी बाजू सरळ करायला मी अजून हात लावलेला नाही. सोमवारी डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, "छान, वाळेल आता. कुणी धरलं होतं?" मी काही बोललो नाही. सवय लावून घेतोय.

म्हणजे संपलं असं नाही हो. केस वाढणारच आहेत. नखं राहिलीत, दाताचा डॉक्टर राहिलाय, आई अजून हट्टच म्हणते, शिंपी अजून लाडच म्हणतो. पण घरात मी आता बोलत नाही. बायको म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आणि साहेब संध्याकाळी येऊन बसतात, माझ्या गुडघ्याला पाठ टेकून. आपण होऊन. आठ वर्षं मी तिला बोलावत होतो हो... ये, बस, बोल, बघ, बाबाकडे बघ... आणि ती बिचारी मी गप्प बसायची वाट बघत होती.

मग साठलेलं सगळं न्यायचं कुठे माणसानं? इथेच. तुम्हालाच. तुम्ही गळ्याला कापड बांधलेलं, एक कल्ला व्हायचा राहिलेला, तुम्ही जाणार कुठे उठून? पण साहेबांचं लक्ष सगळीकडे. काल आल्या, कंगवे लावले, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं, आणि स्वतःच्या वहीतलं हे कार्ड काढून आरशाला लावून गेल्या, बरोबर खुर्चीतल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर. आज सकाळपासून तिघांनी... अहो, काय करताय? कापडाखालनं हात कशाला काढलात? नाही, ते कार्ड नका... अहो, अजून शिंप्याचं सांगायचं राहिलंय, तो काय म्हणाला माहितेय...

बरं. बरं. दिसलं. नाकासमोर धरायची गरज नाही.

फक्त मान हलवू नका.