सावडीचे बैल

त्या दिवशी सकाळी धुई लय पडली होती, शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची बाभळसुदिक दिसंना. आमची लेक रूथ अन शेजारच्या किसनचा पोरगा लग्न करतो म्हणायलेत, हे सांगायला मी चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेलो. मला वाचता येत न्हाई, शास्त्र तेच वाचून सांगतात. ते म्हणाले, "बाबा, विश्वासातल्यानं बाहेरच्यासंगं एका जुवाखाली जाऊ नये. न्हाई म्हणून सांगा."

तसाच किसनच्या शेतात गेलो. त्याचा एक बैल अन माझा एक, अशी आमची सावड हाय. ज्वारी पेरायला तो दोन्ही बैल जुंपीतच होता.

मी म्हणलं, "किसन, पाळकसाहेब म्हणतात, एका जुवाखाली जमायचं न्हाई."

"कोणाचं, बैलाचं?"

"पोरांचं."

त्यानं हातातली दोरी सोडली. "अन तुमचं काय म्हणणं?"

"लेक दुरावायचं भ्या वाटतं," मी म्हणलं. "अन देवाचंबी."

किसननं माझ्या बैलाच्या मानंवर हात ठेवला. मग म्हणाला, "दादा, पहिल्या साली तुमचा बैल माझ्या बैलाला सारखा धुऱ्याकडं वढायचा. तवा आपुन जोडी मोडली, का गळ्याची दोरी सैल केली?"