उसवलेली जाळी

रोझलिन : हात बघू. दारात चेमटला म्हणे! दाराला बोटं असतात का, आई?

डेल्फीन : हळू बोल. तुझे बाबा आत्ताच आडवे झालेत.

रोझलिन : बाबांनी केलं हे?

डेल्फीन : त्यांनी चोराला धरलं. हात माझा होता, एवढंच.

रोझलिन : हॅलिफॅक्सहून गाडी हाणत आलेय मी. नीट सांग.

डेल्फीन : तुझ्या त्या स्मृतिभ्रंश केंद्रातल्या बाई म्हणाल्या ना, गोळ्या वाढवू नका, हातांना जुनं काम द्या, वाद घालू नका. दिलं. शेवंडांच्या सापळ्यांची जाळी विणायला बसवलं. सुई हातात आली आणि माणूस गरीब गाय! ओरडणं नाही, बंदराकडे पळणं नाही. कितीतरी दिवसांनी मी चहा गरम असताना प्यायले गं.

रोझलिन : मग बिघडलं कुठे?

डेल्फीन : ढीग दिसला की म्हणायचे, ‘झाली जाळी, चला सापळे टाकायला.’ आणि थेट त्या गारठ्यात पाण्यात. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला की मी सगळं उसवायची.

रोझलिन : नुसतं लपवायचंस.

डेल्फीन : किती लपवू? आणि सुतळी काय झाडाला लागते? आज त्यांना झोप लागली नाही. दारात येऊन उभे. मांडीवर त्यांचं जाळं, हातात कात्री, गाठी सैल करतेय मी. आपल्या किनाऱ्यावर दुसऱ्याचं जाळं कापणाऱ्याचं काय करतात?

रोझलिन : होडी बुडवतात त्याची.

डेल्फीन : मग? मनगटावर भागलं म्हणायचं.

रोझलिन : पुरे झालं. मी वृद्धाश्रमात फोन करते. थोडे दिवस तरी. तुलाही विसावा हवा.

डेल्फीन : तिथं औषध देऊन निजवून ठेवतील. त्यांची सुई अजून चालते गं.

रोझलिन : त्यानंतर आज चालली का?

डेल्फीन : नाही. फेकून दिली. जाळं उराशी धरून पडलेत.

रोझलिन : आई, रडू नकोस.

डेल्फीन : मघाशी पांघरूण घातलं, तर म्हणाले, ‘बाई, तुम्ही भल्या दिसता. ती चोरटी घरातच आहे. माझी डेल्फीन येईपर्यंत दाराशी बसाल?’

रोझलिन : तू काय म्हणालीस?

डेल्फीन : बसते म्हटलं. वाद घालायचा नाही ना.

रोझलिन : मी लावते फोन.

डेल्फीन : लाव. पण आधी त्या केंद्रातल्या बाईंना विचार, डेल्फीन कधी येणार म्हणाले तर मी काय सांगायचं.