सेनगोकु सरांचं शेवटचं पान

जपानमधल्या सेंदाई शहरात, पुस्तकांच्या दुकानात मियोको अरितोमी रांगेत उभी होती. एका गाजलेल्या रहस्यप्रधान व्हिडिओगेमच्या आधीची हकिकत सांगणारी तिची कादंबरी आजच आली होती. गेममधल्या सेनगोकु सरांवरच्या या कादंबरीचा शेवट संपादकाला पसंत नव्हता, पण तिने तो बदलू दिला नव्हता. आता चाहते काय म्हणतात, ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. पुढे दोघी बहिणी तेच पुस्तक घेऊन उभ्या होत्या.

“ताई, शेवटचं पान काय उघडतेस? रहस्यकथा आहे ती!”

“खुनी कोण ते नाही गं बघत. सेनगोकु सर जिवंत आहेत का, तेवढंच बघतेय.”

“पहिला गेम त्यांच्या अंत्यविधीपासूनच सुरू होतो. म्हणजे यात जाणारच ते.”

“गप्प बस. वाचू दे.”

“रडतेस? गेले ना? म्हटलं नव्हतं मी?”

“नाही गेले! स्टेशनवर उभ्याउभ्या सोबा नूडल्स खातायत. शिष्येला म्हणतायत, उद्या लवकर ये.”

“मग?”

“मग काही नाही. संपलं पुस्तक.”

“अगंबाई! वाचले बिचारे.”

मियोकोने घसा खाकरला. “कसं आहे हो हे पुस्तक?”

“घ्या तुम्ही,” थोरली डोळे पुसत म्हणाली, “अगदी बिनधास्त घ्या.”