चंद्रीचा डावा कान

बेबीनंदा : आप्पा, तुमच्या गाण्यातली चंद्री म्हैस होती का बाई?

रायभान : असं कोण इचारून राह्यलं?

बेबीनंदा : नववी ब. अख्खा वर्ग. झुंबर म्हणली, हिंमत असंल तर बापाला विचारून दाखव. म्हणून विचारलं.

साखराबाई : विचार, विचार. मला तर टाकीवर रोज विचारतेत, साखराबाई, तुमच्या मालकाची ती गॉगलवाली कुठली म्हणून. हंडा भरूस्तोर जीव नकोसा होतो.

रायभान : तुला म्हैस ठाऊक न्हाई का बेबे? तिच्या दुधावर वाढलीस.

बेबीनंदा : मला ठाऊक हाय, पण तुमच्या गाण्याची सीडी बघणाऱ्याला कसं कळावं? तुम्ही म्हणता ‘काळी कुळकुळीत माझी चंद्री’, अन् तिथं गोरीपान बाई कारंज्यापाशी छत्री फिरवून राह्यली. ऊन न्हाई, पाऊस न्हाई. ‘वाकड्या शिंगाची’ म्हणलं की ती केसात क्लिप खोचती.

साखराबाई : अन् ‘शेपटीनं हाकली माशी’ला?

बेबीनंदा : वेणी. अशी गर्रकन फिरवती. बराबर तिच्यासंग नाचणाऱ्या त्या कोटवाल्याच्या तोंडावर बसती, अन् त्याला लई आनंद होतो.

रायभान : तो कोण हाय ते मलाबी ठाऊक न्हाई.

साखराबाई : तो तुम्हीच की. तुमच्याच आवाजात तोंड हलवून राह्यला. ‘शेण काढता काढता उजाडलं’ म्हणतो, अन् बूट पांढरेशुभ्र.

रायभान : मी गेल्तो जालन्याला. सीडीच्या कंपनीवाल्याला म्हणलं, साहेब, माझी म्हैस कुठंय? तर म्हणला, मामा, लोकं म्हशीचं ऐकतेत, पण बघतेत बाईला. चार गाण्याला मिळून एकच बाई अन् एकच कारंजं घेतलंय. माझ्या मागचं गाणं पाण्याच्या मोटारीचं, तिथंबी तीच.

बेबीनंदा : अन् त्याच्या मागचं देवाचं. तिथं छत्री मिटवली, गॉगल तसाच.

साखराबाई : मंग तो कंपनीचा माणूस फटफटीवर कॅमेरा घेऊन आल्ता, ते काय होतं? सकाळपासून दुपारपर्यंत बसला. तीन बार चहा पिला. तुम्ही चंद्रीला दोनदा धुतलं अन् शिंगाला माझं खोबरेल लावलं. पुरी बाटली.

रायभान : उभी कशी राह्यली होती पण. एरवी परका माणूस दिसला की अंगावर जायची. त्या दिवशी मान वर करून बघतच राह्यली, जसं काही तिला समजून राह्यलं.

साखराबाई : अन् पंधरा दिवसांत गेली.

रायभान : एकबी फोटो न्हाई तिचा. म्हणलं, या सीडीत तरी राहील. जाऊ दे. मला न्हाई गायचं आता.

बेबीनंदा : असं नका म्हणू. शनवारी गॅदरिंग हाय, हेडसरांनी तुम्हाला गायला बोलावलंय, अन् मी हो सांगून बसले.

रायभान : मला न इचारता?

बेबीनंदा : विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणले असते.

साखराबाई : अन् नाचणार कोण?

बेबीनंदा : मी. वर्गाच्या बाईंनी मलाच हिरोईन केलंय. गॉगल झुंबरच्या भावाचा, छत्री बाईंची.

रायभान : मंग मी बिलकुल येणार न्हाई. घरातबी तेच बघायचं का?

बेबीनंदा : आप्पा, ती हाय सीडीत.

रायभान : कोण?

बेबीनंदा : चंद्री. मी झुंबरच्या घरी थांबवून थांबवून बघितलं. तिची आजी ओरडली, मशीन बिघडंल म्हणून. तिसऱ्या कडव्यात बाई कारंज्याआड जाती, अन् परत यायच्या आत, पापणी लवली की हुकंल एवढाच, एक कान दिसतो. काढायचा राह्यला असंल त्यांच्याकडून. टोक फाटकं हाय.

रायभान : कोणता कान?

बेबीनंदा : डावा.

रायभान : डावाच फाटला होता. बाभळीत अडकून.

साखराबाई : पुरी बाटली, अन् दिसला एक कान.

बेबीनंदा : माय, ते आज्याचं काळं घोंगडं कुठंय?

साखराबाई : कशाला? पोरगी न्हाती-धुती झाली, अन् गावासमोर म्हैस बनती का?

बेबीनंदा : तिची बाई केली तेव्हा गाव हसलंच की. आता म्हशीला हसू दे.

(बेबीनंदा दोन्ही हात जमिनीला टेकून उभी राहते आणि मान वर करते.)

रायभान : एवढी वर न्हाई. थोडी डावीकडं. हां. अन् डोळे असे मोठे करू नको, ती कुणाला भीत नव्हती.

साखराबाई : घोंगडं पेटीत हाय. तेल मात्र मागायचं न्हाई.

बेबीनंदा : मंग दोघंबी ऐका, माझं ठरलं. शनवारी छत्री न्हाई अन् गॉगलबी न्हाई, चंद्री मी होणार. पुठ्ठ्याचा कान मी डावीकडं फाडून घेते, आप्पा. आवाज तेवढा तुम्ही आणा.