डेल्मरची खुर्ची

तारीख आधी घाल, पोरी, मग बाकीचं. नऊ मार्च दोन हजार अकरा, बुधवार. थंडी सरली, डास अजून यायचेत. आणि नाही, डेल्मर नाही आज. तिसऱ्यांदा विचारतेयस. ही त्याचीच खुर्ची, पण तो नाही. बस तिच्यावर, मोडत नाही. तुमच्या पेपरवाल्यांना डेल्मर स्ट्रिकलंडच लागतो — तीनदा फोटो छापलात त्याचा, तिन्ही वेळा शेजारी मी होतो, तिन्ही वेळा माझा कोपर तेवढा आला. हॉलिस. हॉलिस टॅकेट. शेवटी दोन टी. लिहून घे, लागलं तर लागलं.

तो न्हावी आहे, माहीत आहे ना? चाळीस वर्षं इथं गावात, टायटसव्हिलमध्ये दुकान. पलीकडच्या तीरावरच्या अंतराळ केंद्रातले इंजिनिअर त्याच्याकडे केस कापायला यायचे, बोलायचे, आणि हा कात्री चालवता चालवता सगळं कानात साठवायचा. बस, तेवढंच. कुंपणाच्या आत पाऊल नाही टाकलेलं. आणि मी? तो नदीपलीकडचा पांढरा डोंगर दिसतो ना, इमारत आहे ती, तिथपासून उड्डाणाच्या तळापर्यंत खडीचा रस्ता आहे. शटल, ते अंतराळयान, उड्डाणाला त्यावरूनच नेतात, माणसाच्या चालीपेक्षा हळू, आणि ते खडीचा भुगा करून जातं. तो रस्ता परत सारखा कोण करायचं? मी. तेवीस वर्षं ग्रेडर चालवला. सहावीत शाळा सुटली माझी, पण त्या रस्त्याला एक खळगा राहू दिला नाही. इथं या काठावर कुणी विचारलंय कधी? "डेल्मर, किती वाजता उतरणार?" "डेल्मर, वारा चालेल का?" आणि त्याच्या मांडीवर उकडलेल्या शेंगांची पुडी आणून ठेवतात. मला म्हणतात, "काका, जरा सरकता का, फोटो घ्यायचाय."

थांब. गप्प. रेडिओ.

हं. इंजिन पेटवलं वर, यानाचा वेग तोडायला. हौशी मंडळी आहेत, नियंत्रण कक्षाचं बोलणं यावर सोडतात. आता ते खाली येणारच, आणि इथेच येणार. इंजिन पेटेपर्यंत काही खरं नसतं — ढग आले, वारा आला की पाठव कॅलिफोर्नियाला, तिकडच्या वाळवंटात. पेटलं की मग मागे फिरणं नाही. तास आहे अजून. खरं सांगू? सकाळी ढग पाहिले तेव्हा मला बरं वाटलं होतं. जाऊ दे तिकडं, म्हटलं. लिहू नको हे.

का म्हणजे? डेल्मर आत आहे म्हणून. कुंपणाच्या आत, धावपट्टीपाशी. माझ्या पासावर.

आता मध्ये बोलू नको. आम्हा काठावरच्यांचा एक नियम आहे. उतरणं मोजायचं ते काठावर बसून. घरी अंगणात असताना आवाज ऐकलास तर तो धरत नाहीत. आणि डेल्मरचं इथलं एकही उतरणं चुकलेलं नव्हतं. चौऱ्याऐंशी सालापासून — एकही नाही! माझं एक चुकलं, पित्ताशयाच्या खड्यांनी दवाखान्यात पाडलं होतं. एकच. पण एक गेलं की ओळ तुटली ना? त्याची सलग. जो येईल त्याला सांगायचा — नाही, तो नाही सांगायचा, तेच तर! लोक सांगायचे त्याच्या वतीनं. तो आपला हसायचा.

गेल्या एप्रिलची गोष्ट. यानाला आदल्या दिवशी उतरू दिलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच लवकर आलेलो. त्याच्या रेडिओची बॅटरी गेलेली. "हॉलिस, काय म्हणतायत रे?" माझ्या रेडिओचा इअरफोन माझ्या कानात होता. पहिली संधी रद्द, धुकं. म्हणजे पृथ्वीभोवती आणखी एक फेरी मारून दीड तासानं पुन्हा बघणार — एवढंच. हे पोरालाही कळतं. मी म्हणालो, "कॅलिफोर्नियाला वळवलं."

तोंडातून गेलं. मागे घेता आलं असतं. तो खुर्ची घडी करत होता, थर्मास उचलत होता, बायकोला इन्शुलिन द्यायचंय म्हणाला, गाडी चालू केली — भरपूर वेळ होता मला. मी शेंगा सोलत बसलो.

नऊच्या सुमाराला वरून आवाज झाला. उतरण्याआधी दोन धडाके होतात, छातीत बसतात. मी एकटा. दहा मिनिटांत हा आला धावत, पायात घरातल्या सपाता, "आलं का रे? हॉलिस, इथंच आलं का?" मी म्हणालो, कान गेलेत माझे, चुकीचं ऐकलं. आणि माहीत आहे काय म्हणाला? "चूक माझीच, मी बॅटरी भरायला हवी होती." सगळ्या काठाला हेच सांगितलं त्यानं. लोकांनी त्याला नवी बॅटरी आणून दिली! ओळ तुटली तरी मोठा तोच झाला. दोन रात्री झोपलो नाही मी. आधी रागानं. मग... मग कशानं ते कळत नाही.

यंदा शटल बंद व्हायचंय म्हणून जुन्या कामगारांना एकेक पास आला. एकाच माणसाचा. मीही ते उतरताना जवळून कधी पाहिलेलं नाही, माझा रस्ता धावपट्टीच्या दुसऱ्या अंगाला. दोन आठवडे उशीखाली ठेवला. काल दुकानात गेलो, आरशापुढे ठेवला. "तुझं काय?" म्हणाला. म्हटलं, मला गर्दी सोसत नाही. पासावर माझ्या गाडीचा नंबर आहे, म्हणून गाडीही घेऊन गेलाय. सीट पुढे ओढली असणार, बुटका आहे. आणि तिथंही दहा माणसं गोळा केली असतील त्यानं, बघ. माझ्या पासावर.

नाही. एप्रिलचं त्याला सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून निघत नाही ते.

तू लिही. हो, सगळं. ढगाचंही लिही. रविवारी छाप, रविवारी दुकानात पेपर मोठ्यानं वाचतात. फोटो नको माझा.

बारा वाजत आले. लिहिलंयस ते खोडू नको, पुढचं पान कोरं राहू दे. गप्प बस आता.

हं. एक. दोन.

एप्रिलचं फिटलं.