पट्टा तुटला तो मंगळवार

रुख्मिणी : नाई म्हनजे नाई. पुस्तक निघू द्या, पन त्याच्यावर माहं नाव नको.

वैभवी : मावशी, बिननावाचं पुस्तक कसं काढायचं? लोक विचारतील न, लिहिलं कोणी?

रुख्मिणी : सांगजो, आभायातून पडलं.

जमशेद : वैनी, चाळीस वर्सं झाले ह्या प्रेसमधी लग्नाच्या पत्रिका छापून राह्यलो. नवरीच्या नावाबिगर पत्रिका छाप म्हननारं गिऱ्हाइक तुमीच पयले.

रुख्मिणी : तुमाले पत्रिकेबिगर दुसरं काई सुचते का, जमशेदभाई? कव्हरबी पत्रिकेच्याच कागदाचं काढलं. वरतं गनपती बसला हाय.

जमशेद : उरलेला कागद हाय, आपल्या लिहाच्या बैठकीसाठी फुकट देऊन राह्यलो. गनपती बसला तं बसू द्या न. कोपऱ्यात हाय, कोनाले तकलीफ नाई त्याची.

वैभवी : मला तर लई आवडला. मावशी, ऐका जरा. बैठकीतल्या नजमुन्निसा चाची पानं दुमडायला कधीच्या तयार बसल्या. केशरबाईंनी गोधडीचा दोरा काढून ठेवला शिवायला. शंभर प्रती शिवायच्या म्हणजे खेळ आहे का? अन् रविवारी बैठकीत सगळ्यांसमोर आम्ही काय म्हणायचं, लेखिका कोण ते सांगता येत नाही?

रुख्मिणी : दोरा मीबी ओवतो. शिवाले मीबी बसतो. कामाले कधी नाई म्हनलं का तुले?

वैभवी : कामाचं नाही म्हणत मी. गेल्या वर्षी अमरसिंगभाऊंचं पुस्तक काढलं, तेव्हा इथंच उभं राहून कोण म्हणत होतं, "नाव जरा मोठं टाका, चष्म्याबिगर दिसलं पायजे"?

रुख्मिणी : थे त्याचं होतं. दुसऱ्याच्या लेकराचं बारसं असलं की घुगऱ्या वाटाले मजाच येते.

जमशेद : झाकली मूठ सव्वा लाखाची, असं हाय वैनीचं. पन वैनी, ही पोट्टी आठवडाभर शाळेत लेकरं शिकवते अन् रविवारी आपल्यासारख्या बुढ्यायले लिहाले बसवते. तिच्या मेहनतीकडं तं पाहा.

रुख्मिणी : पाहातो न. तिच्यापाईच तं लिहिलं. नाई तं मी सातवी पास बाई. दळनाचे डबे मोजाव अन् गप बसाव. लोक म्हनतीन, चक्कीवाली आता पुस्तकं काढून राह्यली, बाप्पा!

वैभवी : हे खरं कारण नाही, मावशी. लोकांना तुम्ही कधी भ्यायल्या?

रुख्मिणी : नाई भेली.

वैभवी : मग?

रुख्मिणी : शेवटची गोष्ट.

वैभवी : ती तर सगळ्यात चांगली आहे. "रांगेतले डबे" नाव शोभतं ते तिच्यामुळंच.

रुख्मिणी : चांगली हाय, म्हूनच. त्याच्यात चक्कीवाला नवरा बायकोची वही चुलीत घालते. आपल्या अनसिंगात वही लिहिनारी चक्कीवाली किती हायेत, सांग? वर माहं नाव आलं की खालचा नवरा कोन, हे लेकरूबी सांगन. थ्या मानसानं इतक्या वर्सात कोनाच्या दळनातलं मूठभर पीठ इकडचं तिकडं केलं नाई. आता म्हातारपनी डबा ठेवता ठेवता बायायनं त्याले इचाराव, काहो, वही जाळली होती म्हंते? नाई जमत मले. हे मी नाई करत.

वैभवी : अन् तुम्हाला? तुम्हाला नाव पाहिजे का नाही?

रुख्मिणी : मले इचारू नोको.

वैभवी : विचारते मी.

रुख्मिणी : तुनं पयलं कव्हर धाडलं होतं न मोबाईलवर? नाव होतं त्याच्यावर. मीनं ते दोन बोटानं मोठं केलं. मंग आनखी मोठं केलं. इतकं मोठं केलं का नुसता "रु" राह्यला. घडीभर पाह्यलं, अन् मंग तुले म्हनलं, काढ.

जमशेद : अन् हिनं मले सांगतलं, मीनं काढलं. तिथंच तं गडबड झाली.

वैभवी : कसली गडबड, चाचा?

जमशेद : काई नाई. चहा सांगू का?

वैभवी : चाचा.

जमशेद : हे पाहा, बैठकीचा कायदा कोनाचा हाय? तुहाच न? छापाच्या पयले प्रूफ त्या धंद्याच्या जानकाराले दाखवाचं. अमरसिंगच्या विहिरीच्या गोष्टी तुनं विहीर खोदनाऱ्याले दाखवल्या का नाई? त्यानं तीन चुका काढल्या. सुरुंग कसा भरतात हेच अमरसिंगले ठाऊक नोतं.

वैभवी : हो, म्हणून तर सांगितलं होतं, शिरपूरच्या चक्कीवाल्याला दाखवा. बसच्या कंडक्टरजवळ पाकीट द्या म्हटलं होतं.

जमशेद : शिरपूर कोन जाते बापा! प्रूफवर नाव नोतं. म्हनलं, बिननावाचं हाय, धोका कायचा? अन् शुक्रवारी भाऊ सोताहून आले. चक्कीवर लावाची पाटी छापाची होती, "कृपया रांगेत डबा ठेवावा". म्हनलं, अल्लानं जानकार दारात धाडला.

रुख्मिणी : कोन भाऊ?

जमशेद : रामकिसनभाऊ.

रुख्मिणी : अव माय! माह्याच मानसाले देलं?

जमशेद : इमानदार चक्कीवाला पायजे होता, वैनी. आता तुमीच सांगतलं, मूठभर पीठ इकडचं तिकडं करत नाई.

रुख्मिणी : आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, अशी गत हाय तुमची! मी इथं नाव लपवून राह्यली, अन् ह्यायनं पुस्तकच नेऊन हातात देलं! अन् नाव नसलं म्हून काय झालं? ते कवाडाच्या कडीचा आवाज वळखतात माह्या, माहं लिहिलं नाई वळखनार?

जमशेद : माफी मांगतो. पन आता तं वाचून झालं.

रुख्मिणी : थांबा, थांबा. म्हनजे शुक्रवारपासून माहा चष्मा सापडत नाई, तो...

वैभवी : काकांनी नेला?

रुख्मिणी : त्यायचा तुटेल हाय दिवाळीपासून. मी सारं घर उलथंपालथं केलं अन् हे म्हनतात, माकडानं नेला असन! अन् जेवता जेवता मले इचारे, आपली पयली मोटर कितीची होती वो? मी म्हनलं, आज काहून मोटर आठवली? तं म्हनतात, असंच.

वैभवी : मावशी, हसू नको म्हणा मला, पण मला हसू येऊन राहिलं.

रुख्मिणी : हास. तुले काय होते. बोलले का काई, जमशेदभाई? देताना?

जमशेद : एक लफ्ज नाई. शुक्रवारी लाल पेन मांगून नेला होता. आज सकाळी पाकीट ठेवलं, पेन ठेवला, अन् गेले. मीनं उघडून पाह्यलं नाई, कसम से. हे घ्या.

रुख्मिणी : मी नाई घेत. वैभवी, तू वाच. पयले सांग, अक्षर कसं हाय? रागाचं हाय का?

वैभवी : नाही हो. पहिलीतल्या पोराचं असतं तसं आहे, एकेक गिरवलेलं. कव्हरवरच लिहिलंय. "चूक नंबर एक. नाव राहिले."

जमशेद : वाह! याले म्हनतात जानकार.

रुख्मिणी : तुमी गप बसा. पुढं वाच.

वैभवी : "पान चार. मोटर दहा हॉर्सपॉवरची नाही, साडेसातची. दहाची नंतर घेतली." मग, "पान नऊ. ज्वारीवर लगेच गहू दळत नाहीत. आपण कधीच दळला नाही."

जमशेद : आपण, म्हने. पाह्यलं, वैनी? आपण!

वैभवी : "पान एकवीस. पट्टा मंगळवारी नाही, गुरुवारी तुटला."

रुख्मिणी : हं. पुढं.

वैभवी : पान चोवीस. ही शेवटचीच गोष्ट. तुमचं वाक्य आहे, "बायकोची एक वही होती, ती त्यानं चुलीत घातली." हे काय? इथं काही लिहिलं नाही. नुसतं "एक" खोडलंय, अन् वर "दोन" केलंय. मावशी, असं का?

(रुख्मिणी पान हातात घेते. चष्मा नाही म्हणून हात लांब करून धरते.)

जमशेद : वैनी, पानी देऊ?

रुख्मिणी : दोनच होत्या.

वैभवी : काय?

रुख्मिणी : वह्या. दोन होत्या.

वैभवी : मग तुम्ही एक का लिहिली?

रुख्मिणी : एक वही जळू शकते न, बाई, रागात. चक्कीचा पट्टा तुटला होता, डब्यायची रांग लागली होती, बाया वरडून राह्यल्या होत्या, अन् मी खाली मान घालून लिहत होती. पट्टा जळाचा वास आला होता, तरी मले समजलं नाई. ते आले, हातातली वही ओढली अन् चुलीत गेली. कोनाचाबी हात जाते असा. पन दुसरी ज्वारीच्या कोठीत होती, पार तळाले. ती त्यायनं हुडकून काढली. अर्धी कोठी उपसली, अन् मंग जाळली. ते रागात नोतं. दोन लिहिलं असतं तं मानूस लोकायच्या मनातून पार उतरला असता. म्हून मीनं एकच लिहिली.

वैभवी : त्यानंतर कधी बोलणं झालं यावर?

रुख्मिणी : कधीच नाई. तीस वर्सं होतीन. थ्या वह्यायचं नाव ना त्यायनं काढलं, ना मीनं. मले वाटे, इसरले. दुसरी तं नक्कीच इसरले.

जमशेद : वैनी, लई प्रूफं पाह्यले मीनं. सारे म्हनतात, माहं हे कमी करा, माहं ते झाका. सोताची चूक वाढवून मांगनारा मानूस आज पयल्यांदा पाह्यला.

वैभवी : मग मी काय करू, मावशी? एक ठेवू का दोन?

रुख्मिणी : दोन कर.

वैभवी : लोक विचारतील काकांना.

रुख्मिणी : इचारू दे. त्यायनंच लिहिलं न सोताच्या हातानं? बसतीन सांगत.

जमशेद : अन् चूक नंबर एक? तिचं काय?

रुख्मिणी : जानकारानं चूक काढली न? मंग दुरुस्त करा. तुमच्याच बैठकीचा कायदा हाय.

जमशेद : गनपतीच्या खाली टाकू का बाजूले?

रुख्मिणी : खालीच टाका. अन् जरा मोठं टाका. चष्म्याबिगर दिसलं पायजे.

वैभवी : हां! आता कसं! चाचा, कॉम्प्युटर चालू करा, मी एकेक सांगते. नाव टाकायचं. मोटर साडेसातची. ज्वारीवर गहू काढून टाका. पट्टा गुरुवारी. वह्या दोन.

रुख्मिणी : थांब. पट्टा मंगळवारीच तुटला होता.

वैभवी : पण काकांनी तर...

रुख्मिणी : उपास होता मले त्या दिशी. मंगळवारच राहू दे. तिथं त्यायचं चुकलं.